हनुक्कासाठी घर कसं सजवावं? (भाड्याचा फ्लॅट, सातवा मजला, घरात तीन वर्षांची पोर)

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, ठाण्यात नुकतेच वेगळ्या फ्लॅटमध्ये राहायला आलोय. आजवर हनुक्का (आमचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण, दर रात्री एक दिवा वाढत जातो) सासूबाईंकडेच व्हायचा, 2026 चा पहिल्यांदाच आमच्याकडे आहे. 4 डिसेंबरच्या संध्याकाळी पहिली मेणबत्ती. पितळेची हनुकिया, म्हणजे हनुक्काचे दिवे लावायचं दीपदान आहे, बाकी सजावटीच्या नावानं शून्य. घरमालकांनी भिंतीला खिळा मारायचा नाही म्हणून बजावलंय. हॉलची खिडकी मोठी, वारा भन्नाट. लेकीचा हात पोचणार नाही अशी जागा घरात उरलेली नाही. आणि जुन्या सोसायटीत दरवेळी ऐकावं लागायचं, "ख्रिसमसची तयारी का?" नाहीतर "दिवाळीचे दिवे अजून काढले नाहीत?" तर या दोन्हींसारखं न दिसणारं काही सुचवा. दोन हजारांच्या आत बसवायचंय.

हौशी_हस्तकला
मी ज्यू नाही, पण कंदील दरवर्षी घरी करते म्हणून लिहिते. बांबूच्या कामट्यांचे दोन सारखे त्रिकोण करा, एक उलटा ठेवून दोऱ्यानं घट्ट बांधा, की सहा टोकांची चांदणी तयार. पांढरा जिलेटीन नको, साधा पतंगाचा कागद लावा. आतला दिवा मऊ दिसतो. कडेला निळी पट्टी. बाजारातल्या चांदण्या बहुतेक पाच टोकांच्या असतात आणि ख्रिसमसलाही त्याच खपतात, म्हणून घरीच केलेली बरी. आत एलईडी सोडायचा, मेणबत्ती अजिबात नाही. खिळ्याऐवजी पडद्याच्या दांडीला टांगा. थर्माकोल मात्र आणू नका, महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे.

कॅम्पवाला
कंदील झकास होईल, पण आधी हनुकिया कुठे ठेवणार ते ठरवा. सजावट तिच्याभोवती येते, ती सजावटीत येत नाही. आमच्या नातेवाइकांकडे एकदा इतक्या माळा सोडल्या होत्या की चौथी रात्र का पाचवी, ते जवळ जाऊन मोजावं लागत होतं! रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा ज्योती मोजता आल्या पाहिजेत, एका दिवसाचं तेल आठ दिवस जळलं, त्या चमत्काराची जाहिरात व्हावी हाच तर हेतू. म्हणून दिव्यांच्या मागे साधा पांढरा किंवा गडद निळा कागद, आजूबाजूला हातभर जागा रिकामी. माळा समोरच्या भिंतीवर.

मूळ रीत दाराबाहेर ठेवायची, मेझुझाच्या (दाराच्या चौकटीवरच्या पवित्र लेखाच्या डबीच्या) समोरच्या अंगाला. म्हणजे आत येताना उजव्या हाताला मेझुझा, डाव्या हाताला दिवे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यानं खिडकीत ठेवावी. पण रस्त्यापासून वीस हातांपेक्षा, म्हणजे साधारण नऊ-दहा मीटरपेक्षा उंच गेलं तर खालच्याची नजर पोचत नाही असं मानतात. तुमचा सातवा मजला त्याच्या कितीतरी वर. तेव्हा दाराच्या आत, डाव्या बाजूला. समोरच्या इमारतीतून खिडकी दिसते म्हणून खिडकीच धरणारेही आहेत, पण तुमच्याकडे वारा आहे. बाहेर पॅसेजमध्ये नको, जाण्यायेण्याची वाट आहे ती.

दिमोनाची मावशी
अगं पोरी, वाचून बरं वाटलं. एक आधी सांगते, "बेने इस्रायली पद्धतीची हनुक्का सजावट" म्हणून शोधत बसू नकोस. आपले पूर्वज नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं आपण सांगतो, आणि त्यांच्याकडे हा सण नव्हताच. नव्याचा सण होता, दारफळणीचा सण होता. हनुक्का कितीतरी पुढे, कोचीनहून शिकवायला आलेल्या मंडळींमुळे आपल्यात रुजला. तेव्हा कुणी काही म्हणेल याची भीती नको. पण तेलाचा दिवा मात्र आपला आहे बाई. शनवारी काम बंद ठेवणारे तेली, म्हणून शनवार तेली म्हणायचे ना आपल्याला! मेणबत्त्या सोड आणि तेल घे.

माझ्या सासरी सागवानी फळी होती, तिच्यावर पितळी मागेन दाविद, म्हणजे आपली सहा टोकांची चांदणी, आणि कड्यांमध्ये काचेचे छोटे पेले. पेल्यात तळाला बोटभर पाणी, वर तेल, त्यावर वात. फळी भिंतीला टांगलेली, त्यामुळे पोरांचा हात पोचायचा नाही. आठही दिवे लागले की पाण्यातून उजेड खाली फळीवर उतरायचा. दुसरी सजावट कुणाला सुचायचीच नाही. तुला खिळा चालत नाही तर तशी फळी चपलांच्या उंच कपाटावर भिंतीला टेकवून ठेव, खाली स्टीलचं ताट. पडदा आणि पंखा दोन्ही लांब.

खोबरेल वापरणार असशील तर डिसेंबरात बाटलीत थिजतं, हे तुला मी काय सांगू. आधी कोमट पाण्यात बाटली उभी कर. इकडे इस्रायलमध्ये आम्ही ऑलिव्हच वापरतो.

कॅम्पवाला
मावशी, तेलाबद्दल शंभर टक्के. यंदा तर त्याला आणखी एक कारण आहे. पहिली रात्र शुक्रवार आणि आठवी, 11 डिसेंबर, तीही शुक्रवार. शुक्रवारी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या (शुक्रवारी संध्याकाळी लागणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या) दिव्यांआधी लावायचे, म्हणजे सूर्य असतानाच, आणि अंधार पडल्यावर निदान अर्धा तास ते जळले पाहिजेत. ठाण्यात तेव्हा सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. एकूण दीड तासाचं तेल धरा. खोक्यात मिळणाऱ्या बारीक रंगीत मेणबत्त्या अर्ध्या तासात संपतात, आठव्या रात्री सगळं घर सजलेलं आणि हनुकिया विझलेली! शिवाय एकदा शब्बाथ लागला की वात सारखी करणं नाही, हलवणं नाही. तेव्हा ताट, जागा, सगळं आधीच पक्कं.

नवी_मुंबईकर
विजेची हनुकिया का नाही घेत? लहान मूल आहे, सरळ काम. गेटवेला एवढी मोठी लावतात ती पाहा.

कॅम्पवाला
खिडकीत शोभेला खुशाल ठेवा, सातव्या मजल्यावरून छान दिसेल. पण आशीर्वाद म्हणायचा तो खऱ्या ज्योतीवर, बहुतेक रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, हेच सांगतात.

हौशी_हस्तकला
पोरीला गुंतवायचं तर हनुक्काला मुलं खेळतात ते भोवरे द्या रंगवायला. पुठ्ठ्याचे चौकोनी, दोऱ्यांना बांधून दारावर तोरणासारखे. त्यावर कुठली अक्षरं असतात?

दिमोनाची मावशी
नून, गिमेल, हे, शिन. "तिथे मोठा चमत्कार घडला" या हिब्रू वाक्याची आद्याक्षरं. आमच्याकडे इस्रायलमध्ये शेवटचं पे असतं, कारण आमच्यासाठी तो "इथे" घडला. ऑनलाइन मागवशील तर बघून घे, ठाण्याच्या दारावर शिन हवं.

आणि हिब्रूत नाव छापून घेणार असाल तर फ्लेक्सवाल्याला अक्षरं टाइप करून देऊ नका, त्यांच्या मशीनवर ती डावीकडून उजवीकडे उलटी पडू शकतात. चित्र करून द्या.

ठाणेकरीण
मावशी, कॅम्पवाले दादा, ताई, सगळ्यांचे आभार. हनुकिया दाराच्या आत, कपाटावर, तेलाची. पितळेची, मेणबत्तीची हनुकिया सासूबाई आल्या की त्या लावतील, दोघींचं भागेल. खिडकीत कंदील. दारावर भोवरे, शिनवाले. काचेचे पेले आणि तरंगत्या वाती कुठे मिळतील? इथे जांभळी नाक्याला फक्त फुलवाती दिसल्या.

कॅम्पवाला
भुलेश्वरला पूजासामानाच्या दुकानांत. आठ नाही, नऊ घ्या, शमाशचा (ज्याने बाकीचे लावतात त्या नवव्या दिव्याचा) धरून. आणि दोन जास्तीचे, काच आहे. पतंगाचा कागद त्याच फेरीत अब्दुल रहमान स्ट्रीटला.

दिमोनाची मावशी
शमाशचा पेला बाकीच्यांपेक्षा वर बसव हं, खाली लाकडाचा ठोकळा दे. आणि भरताना उजवीकडून, लावताना डावीकडून, नवा दिवा आधी. लेकीला ते तूच दाखव.