मसरूरची पडझड आणि खडक

वेरूळचं कैलास अजून दिमाखात उभं आहे, मग हिमाचलच्या कांगड्यातलं मसरूरचं खडकात कोरलेलं मंदिर इतकं ढासळलेलं का, असा प्रश्न पडतो. मुळात खडकाची जात वेगळी. वेरूळचा बेसॉल्ट घट्ट. मसरूरचा वालुकाश्म थराथरांचा, काही थर कठीण तर काही पार ठिसूळ. थरांमध्ये आणि भेगांमध्ये पाणी मुरतं, मग कोरीव काम पापुद्र्यांनी सुटतं. त्यात 4 एप्रिल 1905 चा कांगड्याचा भूकंप. आवारात पडलेले कोरीव तुकडे म्हणूनच नीट पाहा, मंदिरावर न उरलेले बारकावे त्यांत सापडतात.

हे मंदिर साधारण आठव्या शतकातलं, नागर म्हणजे उत्तर भारतीय शैलीच्या शिखरांचा समूह एकाच डोंगरातून कोरलेला. गाभाऱ्यात आज राम-लक्ष्मण-सीता आहेत, पण दाराच्या ललाटपट्टीवर, म्हणजे चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीवर, मधोमध शिव आहे. माझ्या मते मंदिर मुळात शिवाचंच, आणि यासाठी याहून भक्कम पुरावा कशाला हवा!

दर्शनी बाजू ईशान्येला, धौलाधार पर्वतरांगेकडे. तेव्हा सकाळीच पोहोचा. दुपारनंतर कोरीव काम सावलीत जातं. समोरच्या कुंडाच्या पलीकडच्या काठावरून सगळी शिखरं एका नजरेत येतात.