विभागीय स्पर्धा तोंडावर आणि तीनपैकी दोन पिचर दुखावलेले. सामने कसे काढावे?

हर्णैकडचे पीटी सर (दापोली)

नमस्कार. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका हायस्कूलात मी शारीरिक शिक्षण शिकवतो. आमची १७ वर्षांखालील मुलांची बेसबॉल टीम जिल्ह्यात पहिली आली. आता कोल्हापूर विभागाची स्पर्धा. हातात तीन आठवडे आहेत आणि घोर लागलाय तो पिचरचा, म्हणजे बॅटरला बॉल टाकणाऱ्याचा.

पहिला पिचर दहावीतला, उंच, उजव्या हाताचा. जिल्ह्याच्या फायनलपासून त्याचं कोपर आतल्या बाजूने दुखतंय. दप्तर उचलतानाही कळ येते म्हणतो. दुसऱ्याचा खांदा धरलाय. हा पोरगा रविवारी गावातल्या प्रकाशझोतातल्या टेनिस बॉल स्पर्धेत खेळतो आणि बाउंड्रीवरून थ्रो मारतो. तिसरा डावखुरा, वय १४, नववीत. त्याच्याकडे फक्त सरळ बॉल आहे, पण तो स्ट्राइकमध्ये, म्हणजे बॅटरला मारता येईल अशा जागेत पडतो. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) आणि कॅचर (बॅटरमागे बसून बॉल झेलणारा) या दोघांचे हात चांगले आहेत, मात्र सामन्यात दोघांनी कधी पिचिंग केलेलं नाही.

पहिल्या मुलाचे वडील होडीवर जातात. ते म्हणतात, “सर, स्प्रे मारा, गोळी द्या, पण त्याला खेळवा.” दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्याची त्यांना काळजी आहे, आणि ती मला समजते. त्याला तोवर विश्रांती देऊन फक्त शेवटच्या सामन्याला उतरवावं का? उरलेल्यांत इनिंग (तीन आउटपर्यंतची एक पाळी) कशा वाटाव्या? आमच्याकडे एका दिवसात दोन सामनेही लागतात.

जुना कॅचर (रत्नागिरी)

सर, पहिल्या मुलाने या स्पर्धेत बॉल टाकायचा नाही. शेवटच्या सामन्यात नाही, शेवटच्या इनिंगला नाही, एका बॅटरलाही नाही. हे आजच ठरवा आणि त्याला, घरच्यांना, टीमला सांगून टाका. निर्णय लोंबकळत ठेवलात तर पोरगा रोज सकाळी हात हलवून बघेल आणि “आज बरं आहे सर” म्हणत मैदानावर येईल. मी बरीच वर्षं कॅचर होतो, आता पोरांना शिकवतो. पिचरने स्वतःच्या हाताबद्दल “बरं आहे” म्हटलं की मी कॅचरला विचारतो. गोळीचं तर नावच नको. दुखतंय म्हणूनच तर त्याचा हात अजून वाचलाय.

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर ओफुनातो नावाचं मासेमारीचं बंदर आहे. तिथल्या हायस्कूलात रोकी सासाकी पिचर होता. २०१९ च्या उन्हाळ्यात इवाते प्रांताच्या स्पर्धेत त्याने एका सामन्यात १२ इनिंग खेळून १९४ बॉल टाकले, आणि सेमीफायनलला १२९. लगेच दुसऱ्या दिवशी फायनल. जिंकले तर थेट कोशिएन, म्हणजे तिथल्या शाळकरी पोरांना ज्याच्यापुढे दुसरं काही दिसत नाही ती राष्ट्रीय स्पर्धा. प्रशिक्षकांनी त्याला उतरवलंच नाही. टीम २-१२ अशी हरली. शाळेत संतापलेल्या लोकांचे फोन आले. आणि लक्षात घ्या, तो दुखावलेलाही नव्हता, नुसता थकलेला होता. एप्रिल २०२२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये परफेक्ट गेम टाकला. १९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), एकही बॅटर बेसवर नाही. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डॉजर्स टीमकडे गेल्यावर त्याचाही खांदा दुखावलाच. पिचरच्या मागचं ते सुटत नाही. पण शाळेतून तो धडधाकट हात घेऊन बाहेर पडला, ते त्या प्रशिक्षकांमुळे.

आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, अकिताच्या एका शेतकी शाळेच्या कोसेई योशिदाने कोशिएनमध्ये ८८१ बॉल टाकले होते. गावातल्या पोरांची टीम, सगळा जपान त्यांच्या बाजूने. फायनलला मात्र त्याच्या हातात काही उरलं नव्हतं, ओसाका तोइनने १३-२ ने धुतलं. २०२० पासून तिथे एका पिचरला आठवड्यात ५०० बॉलची मर्यादा आली. माझ्या मते तीही फार सैल आहे.

आता वाटणी. इनिंग मोजू नका, बॉल मोजा. मेजर लीग (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (तिथली बेसबॉल संघटना) यांनी मिळून ‘पिच स्मार्ट’ नावाची मर्यादा ठरवली आहे, तीच मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो. १५-१६ वर्षांच्या मुलाने ३० पर्यंत बॉल टाकले तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टाकू शकतो. ३१ ते ४५ झाले तर एक दिवस सुट्टी, ६० पर्यंत दोन, ७५ पर्यंत तीन, त्यावर चार दिवस. दिवसाला ९५ च्या वर कधीच नाही. तुमचा डावखुरा १४ चा, त्याच्यासाठी गणित वेगळं: २० पर्यंत सुट्टी लागत नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ५० पर्यंत दोन. आणि एकाच दिवशी दोन सामन्यांत कोणीही पिचिंग करायचं नाही.

शाळेच्या पातळीवर एका इनिंगला १५ ते २० बॉल सहज जातात. शॉर्टस्टॉपचे ३०, डावखुऱ्याचे २० आणि आणखी कोणाचे तरी ३०, एवढ्यात चार-पाच इनिंग निघतील. दोन सामन्यांना हे पुरणार नाही, हे आत्ताच धरून चला आणि अजून दोन-तीन हात शोधा. थर्ड बेसवाला बघा, राइट फील्डवाला बघा. पहिल्या आठवड्यात त्यांना एक दिवसाआड १५ बॉल द्या, पुढच्या आठवड्यात २०-२५. कर्व्ह, म्हणजे वळणारा बॉल, शिकवायला बसू नका, सरळ बॉल आणि जमला तर चेंजअप (त्याच हालचालीने टाकलेला हळू बॉल). पहिला बॉल स्ट्राइक पडला पाहिजे, बाकी बॅटरला मारू दे, मागे आठ जण उभे आहेत. त्या आठ जणांना रोज ग्राउंडरचा, म्हणजे जमिनीवरून येणाऱ्या बॉलचा सराव द्या. आपली सड्यावरची मैदानं जांभ्याची, बॉल कसाही उडतो. एक आउट हुकला की पिचरचे सहा-सात बॉल वाढतात. पिचर पाय टाकतो तिथे मऊ माती पसरून पाणी मारा. कातळावर टाच आपटत राहिली की पोरगा पाय आखडतो आणि सगळा जोर हातातून काढतो.

अशी तुकड्यांची वाटणी लाजिरवाणी नाही, हे पोरांना सांगा. १९ मे २०१८ ला मेजर लीगच्या टँपा बे रेज टीमने सर्जिओ रोमो या पिचरला फक्त पहिल्या इनिंगपुरतं उतरवलं आणि पुढे तीच पद्धत केली. २०२४ मध्ये डॉजर्सचे इतके स्टार्टर (सामना सुरू करणारे मुख्य पिचर) जायबंदी होते की मेट्स टीमला हरवून वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगची अंतिम फेरी गाठली तो सामनाही त्यांनी बुलपेनच्या, म्हणजे राखीव पिचरना तुकड्यातुकड्याने वापरूनच काढला. आणि वर्ल्ड सीरिज जिंकले.

कॅचरला मात्र पिचिंगला आणू नका. तो प्रत्येक बॉल परत फेकतोच, वर बेस चोरणाऱ्यांवर थ्रो मारतो. लिटल लीगच्या (अमेरिकेतल्या लहान मुलांच्या लीगच्या) नियमात चार किंवा जास्त इनिंग कॅचिंग केलेल्याला त्या दिवशी पिचिंग करताच येत नाही. कॅचर तुम्हाला दुसऱ्या कामाला हवा आहे. पिचर थकला हे सगळ्यात आधी त्याला कळतं: बॉल उंच जायला लागतो, कोपर खाली येतं, दोन बॉलच्या मधला वेळ वाढतो, पोरगा हात झटकतो. यातलं काही दिसलं की त्याने तुम्हाला खूण करायची, आणि खूण आली की काउंट (त्या बॅटरचा स्ट्राइकचा हिशेब) कितीही असो, पिचर बदलायचा. सतत थकलेल्या हाताने टाकणाऱ्या मुलांवर ऑपरेशनची पाळी येण्याचं प्रमाण ३६ पट होतं, असं अमेरिकेतल्या २००६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. तो आकडा वाचल्यापासून मी यात तडजोड करत नाही.

पहिल्या मुलाचा प्रश्न गुणांचा असेल तर त्याला बॅट द्या. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या जपानी ओहतानीचं सप्टेंबर २०२३ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं, २०२४ चं अख्खं वर्ष त्याने सामन्यात एकही बॉल टाकला नाही, नुसती बॅटिंग केली आणि ५४ होमरन मारले. डेझिग्नेटेड हिटर (पिचरच्या जागी नुसती बॅटिंग करणारा) तुमच्या स्पर्धेत चालतो का ते आयोजकांना आधी विचारा, आणि बॅट फिरवायची परवानगी डॉक्टरकडून घ्या.

चिपळूणची फिजिओ

सर, काकांनी सांगितलंय त्यात फक्त शरीराची बाजू जोडते.

दहावीतल्या मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या वाढीची कूर्चा अजून कच्ची असू शकते. मोठ्या माणसात जो ताण लिगामेंटवर येतो, तो मुलांत आधी या कूर्चेवर येतो, कारण ती लिगामेंटपेक्षा कमजोर असते. दप्तर उचलताना कळ येते म्हणजे आता वाट बघत बसायचं नाही, याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढतात, तुलना करायला. बहुतेक वेळा चार ते सहा आठवडे फेकणं पूर्ण बंद ठेवावं लागतं, म्हणजे तुमची स्पर्धा त्यातच संपते. वेळेत थांबलं तर ही मुलं चांगली बरी होतात, हे घरी नक्की सांगा.

“ऑपरेशन केलं की हात आणखी जोरदार होतो” असंही पालक ऐकून येतात. टॉमी जॉन या अमेरिकी पिचरवर डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये ते कोपराच्या लिगामेंटचं ऑपरेशन पहिल्यांदा केलं. तो परत आला, नंतर १६४ सामने जिंकला, सगळं खरं. पण १९७५ चं पूर्ण वर्ष तो खेळू शकला नाही आणि तो मुरलेला व्यावसायिक खेळाडू होता. शाळकरी मुलाने त्या आशेवर हात वापरायचा नसतो.

दुसऱ्याचा खांदा: दंडाचे स्नायू दुसऱ्या दिवशी भरून येणं वेगळं आणि सांध्यात टोचणं वेगळं. टोचत असेल तर तोही डॉक्टरकडे. नाहीतर हात पूर्ण वर जाईपर्यंत आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी वाटेपर्यंत फेकणं बंद. मग ३० फुटांवरून हळू, एक दिवसाआड, पुढे ४५, मग ६०. कुठेही दुखलं की एक पायरी मागे. तीन आठवड्यांत सगळं सुरळीत झालं तरी त्याच्याकडून १५-२० बॉलच्या वर अपेक्षा धरू नका, आणि रविवारच्या स्पर्धा बंद. त्याचा हात तुमच्या वहीत मोजला जातो त्याच्या दुप्पट त्या मैदानावर खर्च होतोय.

आपल्याकडची अजून एक गोष्ट. फेकणाऱ्या मुलांना वर्षात किमान चार महिने फेकण्यापासून सुट्टी असावी, त्यातले दोन-तीन सलग, असं पिच स्मार्टमध्येच आहे. आपल्या पावसात ती आपोआप मिळते असं वाटतं. पण त्याआधी एप्रिल-मे महिनाभर मुलं बागेत झेला घेऊन आंबे उतरवत असतात, हात डोक्याच्या वरच. आणि पावसानंतर मैदान वाळतं न वाळतं तोच जिल्ह्याचे सामने लागतात, हात तयार व्हायला वेळच नाही. पुढच्या वर्षी गणपतीच्या आधीच पडवीत किंवा शेडखाली जुनं जाळं टांगून हळूहळू सुरुवात करा. अमेरिकेतले व्यावसायिक पिचरसुद्धा हंगामाआधी सहाएक आठवडे हात तयार करतात.

मालवणचो बापूस

सर, माझो झील पण पिचर होतो. कोपर दुखता म्हणून घरात सांगी, पण मॅच इली की गप ऱ्हवी, टीमीतून काढतीत ह्या भियान. आमका कळासर हात सरळ होयना झालो. आता बरो आसा, पयल्या बेसार खेळता.

एकच सांगतंय. त्या झिलाच्या बापाशीक शाळेत बोलवू नकात, तुम्हीच बंदरार जावन भेटा. शाळेत बोलावल्यार माणूस मान डोलवता आणि घराक जावन झिलाक बाम लावता.

हर्णैकडचे पीटी सर (दापोली)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी होड्या लागल्यावर बंदरावर जाऊन आलो. वडिलांना ओहतानीचं सांगितलं, कूर्चेचंही सांगितलं. ते बराच वेळ मुलाचं कोपर चाचपत होते. एक्स-रेला ते स्वतः सोबत येणार आहेत. मुलाला मी बॉल मोजायची वही दिली आहे, सरावात तोच मोजेल आणि सामन्यातही बाकावर बसलेला असेल तेव्हा तोच.

थर्ड बेसवाल्याला आज १५ बॉल दिले, दहा स्ट्राइक पडले. राइट फील्डवाल्याचं अजून जमत नाही. आता एकच विचारायचंय: डावखुऱ्याचे २० बॉल सामन्यात कुठे खर्चू? सुरुवातीला की अडचणीत?

जुना कॅचर (रत्नागिरी)

अडचणीत नको. बेस भरलेले असताना १४ वर्षांचं पोर जीव तोडून टाकतं आणि कोपर तिथेच जातं. सुरुवात शॉर्टस्टॉपकडून करा, समोरच्या टीमचे पहिले चार बॅटर त्याने घ्यावेत. डावखुऱ्याला नवीन इनिंगच्या सुरुवातीला आणा, बेस रिकामे असताना, शक्यतो त्यांच्या खालच्या बॅटरसमोर. इनिंग अर्धी राहिली तरी चालेल, थर्ड बेसवाल्याला आधीच वॉर्मअपला लावून ठेवा. आणि डावखुऱ्याच्या घरी आजच सांगून ठेवा की २० झाले की तो बाहेर येणार, कितीही छान टाकत असला तरी.