थंडी वाढली म्हणून इंग्लंडची लोकसंख्या घटली का? रिग्रेशनबद्दल मदत हवीय

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात एम.ए. इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिसर्टेशनला छोटं हिमयुग (युरोपात थंडी वाढलेली ती काही शतकं) आणि इंग्लंडची लोकसंख्या असा विषय घेतलाय, काळ १६०० ते १८००. तापमानाला मध्य इंग्लंडची सिरीज वापरलीय, ती १६५९ पासून मिळते, त्याआधीचं झाडांच्या वर्तुळांवरून काढलेलं घेतलं. लोकसंख्या रिगली आणि स्कोफिल्ड या इतिहासकारांची, ४०४ पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या) नोंदींवरून काढलेली. दोन्हींची २५ वर्षांची चालती सरासरी (एकेक वर्ष पुढं सरकत दर वेळी २५ वर्षांची सरासरी) काढून रिग्रेशन, म्हणजे एका आकड्यावरून दुसरा कितपत ठरतो ते काढायची पद्धत, चालवलं तर आर स्क्वेअर, म्हणजे जुळणीचं ० ते १ मधलं माप, ०.८ च्या वर आला. आणि गोष्टही जुळते हो, १६५६ च्या आसपास ५३ लाख असलेली लोकसंख्या १६८६ ला ४९ लाखांवर येते आणि सूर्यावरचे डाग कमी झाले, ज्याचा संबंध थंडीशी लावतात, तो काळही १६४५ ते १७१५. मला वाटलं कारण सापडलं. गाईड मात्र म्हणाले हे घेऊन व्हायवाला (तोंडी परीक्षेला) जाऊ नकोस. मला खरंच समजून घ्यायचंय की चुकतंय कुठं.

बिंदू चौक
ताई, गाईड बरोबर बोलले. पहिली गडबड त्या चालत्या सरासरीची. स्लुत्स्की नावाच्या रशियन माणसानं १९२७ मध्ये सरकारी लॉटरीचे आकडे घेतले, म्हणजे ज्यात कसलाही पॅटर्न असूच शकत नाही असे, आणि त्यांच्या चालत्या बेरजा काढल्या तर तेजी-मंदीसारख्या लाटा दिसायला लागल्या. लाट सरासरी काढण्यातनं आली, आकड्यांत नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी यूल या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं दाखवलेलं की इंग्लंडात चर्चमध्ये होणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचं सहसंबंधाचं माप (जास्तीत जास्त १) ०.९५ येतं, कारण दोन्ही वर्षानुवर्षं हळूहळू खाली येत होते, बाकी एकमेकांशी काय संबंध नाही.

आपल्याकडचं बघा. राजाराम बंधाऱ्यावर आज पाणी ४१ फूट असेल तर उद्या १५ फूट नसतंय, ३९ किंवा ४३ असेल. मग जुलै-ऑगस्टचे ६० आकडे म्हणजे ६० वेगळे पुरावे होत नाहीत, एकच पूर ६० वेळा मोजल्यासारखं होतंय. तुमच्या २०० वर्षांत २५-२५ ची सरासरी घेतल्यावर खरे सुटे पुरावे उरले जेमतेम आठ.

गुऱ्हाळ
वरच्यांशी सहमत, पण त्यावरून हवामानाचा काही परिणामच नव्हता असं कुणी समजू नये. हाच स्लुत्स्कीचा मुद्दा धरून मॉर्गन केली आणि कॉर्मॅक ओ ग्रादा हे अर्थशास्त्रज्ञ छोट्या हिमयुगावरच शंका घेऊन बसले, त्यावर हवामानवाल्यांनी जोरात हरकत घेतली आणि मला ती पटते, कारण हिमनद्या पुढं सरकल्या होत्या ते काय कुणी सरासरी काढून सरकवलेलं नाही. माणसं तर मेलीच. १६९३-९४ ला फ्रान्समध्ये दहा लाखांहून जास्त, १६९५-९७ ला फिनलंडची जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या गेली, स्कॉटलंडचेही हाल झाले. आणि शेजारच्या इंग्लंडात त्याच १६९० च्या दशकात, जे तुमच्या तापमानाच्या सिरीजमधलं सगळ्यात थंड दशक आहे, त्यात तसा दुष्काळ पडला नाही! थंडी एकच, निकाल वेगळे. इंग्लंडात गरिबांना मदत देणारा कायदा होता, धान्याचा बाजार बऱ्यापैकी जोडलेला होता. नेदरलँड्सचा सुवर्णकाळ तर ऐन थंडीतला. माझ्या मते खरा विषय हा आहे, कुणाला झळ बसली आणि कुणाला का नाही.

तुम्ही दाखवलेली ती घट तर बरीचशी उशिरा होणाऱ्या आणि न होणाऱ्या लग्नांमुळं आणि अमेरिकेकडं गेलेल्या लोकांमुळं होती. तुमच्या मॉडेलमध्ये लग्न कुठाय?

मंगळवार पेठ
युरोपच का पण, दख्खन घ्या की! १६३०-३२ चा दुष्काळ केवढा मोठा, तुकोबांची पहिली बायको त्यातच गेली. आपल्या मातीतलं काम कोण करणार?

बिंदू चौक
मंगळवार पेठ, इच्छा माझीही तीच आहे, पण लोकसंख्येचे आकडे आणणार कुठनं? १६०० च्या सुमाराच्या हिंदुस्थानसाठी इतिहासकारांत मोरलँड १० कोटी धरतात, शिरीन मूसवी साडेचौदा कोटींच्या आसपास. पहिली जनगणना १८७२ ची. दोन अंदाजांच्या मधे सरळ रेघ ओढून दरवर्षीचा आकडा केला तर रिग्रेशन त्या रेघेवरच चालणार. पावसाचा भाग होऊ शकतो, झाडांच्या वर्तुळांवरून मान्सून आशियाचा १३०० पासूनचा दुष्काळांचा नकाशा तयार आहे. जीडीपीच्या जुन्या आकड्यांनाही जपून हात लावा, कित्येक देशांचं शेतीचं उत्पन्न हे लोकसंख्या, मजुरी आणि भाव यावरनंच काढलेलं असतं, मग त्याचाच संबंध परत लोकसंख्येशी लावला तर आपलंच शेपूट आपण पकडल्यासारखं.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून एक्सेलमध्ये ३०० रँडम आकडे काढले, २५ ची चालती सरासरी लावली आणि ग्राफ बघून अंगावर काटा आला, हुबेहूब माझ्या तापमानाच्या ग्राफसारख्या लाटा. आता लोकसंख्येऐवजी दरवर्षीचे दफन, बाप्तिस्मे आणि लग्नं घेते, मधे गव्हाचा भाव घालते, सरासरी बंद. फक्त एक सांगा, तापमानाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबरच ठेवू का?

गुऱ्हाळ
नका ठेवू. आपण उसाचा गळीत हंगाम कसा दोन वर्षांत मिळून लिहितो, २०२३-२४ असा, तसं पिकाचं वर्ष धरा, कापणीपासून पुढच्या कापणीपर्यंत. १७०९ च्या जानेवारीत फ्रान्समधला उभा गहू थंडीनं मेला, भाव नंतर चढले आणि माणसं १७१० मध्येही मरत होती. म्हणून त्याच वर्षाबरोबर पुढच्या एक-दोन वर्षांचा लॅगही (उशिरा दिसणारा परिणामही) घाला. आणि हिवाळा-उन्हाळा वेगवेगळे ठेवा, गव्हाचं नुकसान नुसत्या थंडीपेक्षा कापणीच्या वेळच्या पावसानंही होतंय. १६५९ नंतरच्या पहिल्या काही दशकांतलं तापमान अर्ध्या-एक अंशापर्यंत गोल केलेलं आहे, ते तळटीपेत लिहा, व्हायवाला हमखास विचारतील.