मदत हवी आहे: भावाला खुर्चीत बसवलं की बीपी खाली जातो

तासगावकर९: लवकर सांगा कुणीतरी. धाकट्या भावाला बसवलं की दोन मिनिटांत डोळ्यांपुढं अंधारी येते, मान टाकतो. आडवा केला की बरा. आज वरचा बीपी १०० वरनं ७० वर आला. फिजिओवाले म्हणतात रोज बसवा, आईला बघवत नाही. थांबवू का?

विट्याची_मीनल: झालंय काय भावाला? वय? कुठल्या गोळ्या चालू आहेत?

पाटील_इस्लामपूर: आमच्या आजीला असंच व्हायचं. कानाचा दोष निघाला. मान डावी-उजवीकडे फिरवण्याचा व्यायाम घ्या, हमखास गुण.

तासगावकर९: गाडीवरनं पडला, मणक्याचं ऑपरेशन झालंय.

विट्याची_मीनल: पाटील, मणक्याच्या पेशंटची मान फिरवायला सांगताय? कृपा करून खोडा ते. दादा, कुठला मणका? सगळं त्यावर आहे.

तासगावकर९: मानेचा. फाइलवर सी ६ लिहिलंय. दीड महिना झाला.

फिजिओ_मिरज: हे आधी सांगायचं ना! आपण उठून बसलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मेंदू लगेच निरोप धाडून तिथल्या रक्तवाहिन्या आवळतो. तो निरोप मानेतून खाली येतो आणि छातीच्या पहिल्या ते कमरेच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीतल्या मज्जारज्जूतून, म्हणजे मणक्यांच्या आतल्या नसांच्या दोरीतून, बाहेर पडतो. भावाचा रस्ता त्याच्या वरच तुटलाय. हृदयाचे ठोके तेवढे वाढतात, कारण ते काम बरंचसं मेंदूतून थेट हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेचं, ती मज्जारज्जूतून जात नाही. पण एकट्या ठोक्यांनी भागत नाही.

थांबवू नका. बसवत राहिलं तरच शरीर दुसरे मार्ग धरतं. मूत्रपिंडाकडून सुरू होणारी संप्रेरकं मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या थोड्याशा निरोपालाही जास्त दाद देतात, कमी बीपीत मेंदूचं भागू लागतं. बऱ्याच जणांचा त्रास काही आठवड्यांत-महिन्यांत उतरतो. आकडा कमीच राहिला तरी माणूस बसलेला असतो.

अंथरुणातच पायांना बोटांपासून मांडीपर्यंत क्रेप बँडेज, पोटाला पट्टा. मग पाठ ३० अंश, थांबा, ४५, थांबा. अंधारी आली की चाकाची खुर्ची मागं कलती करा, पाय वर. जेवल्या-जेवल्या आणि भर उन्हात नको.

पाटील_इस्लामपूर: मीठ-लिंबू पाणी द्या भरपूर, एवढं कशाला.

विट्याची_मीनल: कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेल तर पाण्याचं माप ठरलेलं असतं. माझ्या नवऱ्याला बीपी वाढवणाऱ्या मिडोड्रिननं फरक पडला, पण ती गोळी घेऊन आडवं व्हायचं नसतं. डॉक्टरांना विचारूनच.

कृष्णाकाठ: दिव्यांग दाखला काढला का? लवकर अर्ज करा.

फिजिओ_मिरज: एक राहिलं. डोकं ठणकलं, चेहरा लाल, घाम, बीपी एकदम वर, तर ते उलटं प्रकरण. तेव्हा आडवा करू नका, सरळ बसवा, पट्टा सोडा, कॅथेटरची नळी तुंबलीय का बघा आणि दवाखाना गाठा. दीडशेच्या वर गेलेला बीपी अशा पेशंटला फार असतो.

तासगावकर९: हे कुणीच सांगितलं नव्हतं. मेडिकलमध्येच उभा आहे. पट्टा ८ इंची देतोय आणि १० इंची. कुठला घेऊ?

फिजिओ_मिरज: भाऊ बसतो तेव्हा बरगडीच्या खालनं खुब्याच्या हाडापर्यंत जेवढी जागा उरते तेवढाच रुंद. बरगडीवर चढला तर श्वास अडेल. घरी फोन लावून मापून घ्या.