रशियन संगीतकार रखमॅनिनॉफचं लिहिणं गाव सुटलं म्हणून आटलं, की मैफलींनी खाल्लं?

पेटीवाला, कुडाळ
काल डबलबारीच्या भजनाहून पहाटे घरी आलो. ओल धरून पेटीतला एक सूर अडकत होता, तो रात्रभर चुकवत वाजवलं. झोप येईना म्हणून रखमॅनिनॉफचा दुसरा पियानो कन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना) लावला. सुरुवातीचे ते घंटेसारखे ठोके ऐकून आई उठली, "कोण गेला काय रे?"

असो. १९१७ पर्यंत या माणसाचे ३९ ओपस (क्रमांक दिलेल्या रचना किंवा रचनांचे संच) झाले होते. क्रांतीनंतर डिसेंबरात स्वीडनमधल्या मैफलींचं निमित्त करून बायको आणि दोन मुलींसह जो निघाला, तो परत रशियात गेलाच नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत वारला. या २५ वर्षांत ओपस फक्त सहा! लोक मैफलींना दोष देतात, मला पटत नाही. इवानोव्काला सासरच्यांची शेतवाडी होती, बरंचसं मोठं काम तिथल्या उन्हाळ्यांत झालं. ती गेली आणि आतलं आटलं. देश सुटला तशी लिहिण्याची इच्छाच गेली, असं तो स्वतः सांगायचा. मुंबईला गेलेल्या बुवांना नवीन चाली सुचेनाशा होतात, तसंच हे.

खाडीकाठ, रत्नागिरी
कलाकार स्वतःबद्दल सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यावं. अमेरिकेत उतरला तेव्हा वय ४५, पदरी संसार, गाठीला पैसा नाही. तोवर मुख्यतः स्वतःचंच वाजवलेलं, आता बीथोवन, शोपँ, शुमान सगळं बसवायचं. बॉस्टनच्या वाद्यवृंदाने संचालनाला बोलावलं, तर नाही म्हणाला आणि पियानोच धरला. दर हिवाळ्यात आज या गावी, उद्या त्या गावी. शिवाय रशियातल्या नातलगांना पैसे, खाण्याची पार्सलं. लिहिणार कधी?

पेटीवाला, कुडाळ
मैफली आधीही होत्या की! १९०९ मध्ये तिसरा कन्चेर्टो अमेरिकेच्या दौऱ्यासाठीच इवानोव्काला लिहिला. सरावाला वेळ उरला नाही, म्हणून बोटीवर आवाज न येणाऱ्या पट्ट्यांची मुकी पेटी घेऊन बसला. तेव्हा नाही ते आटलं?

डोंबिवलीकर मालवणी
माका दोघांचाय पटणा नाय. १८९७त पयली सिंफनी (वाद्यवृंदाची मोठी रचना) आपटली तेव्हा खयचो गाव सुटललो? रशियातच होतो मा? तरी तीन वर्सां मोठा असा कायच लिवूक जमाक नाय. डाल नावाच्या डॉक्टरान समजावन समजावन उभो केल्यान, तेव्हा १९०१त तो दुसरो कन्चेर्टो पुरो झालो, जो तुझ्या आवशीक मयताचो वाटलो. १९२७त चौथ्या कन्चेर्टोक टीकाकारांनी झोडल्यानी, परत चार वर्सां गप. माणूस भियालो, बाकी काय नाय.

पेटीवाला, कुडाळ
आई हसतेय. पण मग सेनारचं काय? स्वित्झर्लंडात तळ्याकाठी घर बांधलं, सर्गेई-नतालिया ही नवरा-बायकोची नावं जोडून त्याला नाव दिलं. १९३४ मध्ये घर पुरं झालं आणि त्याच उन्हाळ्यात पागानिनी या व्हायोलिनवाल्याच्या धुनेवरची रॅप्सडी, पियानो आणि वाद्यवृंदाची, लिहिली, दीड महिन्यात. घर मिळालं, सूर आले.

खाडीकाठ, रत्नागिरी
आणि त्याची वाद्यवृंदासाठीची रचना, सिम्फॉनिक डान्सेस? १९४०, लाँग आयलंडवर, भाड्याच्या जागेत. युद्धामुळे तोवर सेनारही सुटलेलं. तुमच्या हिशेबाने एक ओळ सुचायला नको होती! दौरा संपला होता, वेळ मिळाला, लिहिलं. रॅप्सडीही उन्हाळ्यातलीच, हेही बघा.

पेटीवाला, कुडाळ
त्याच डान्सेसच्या पहिल्या भागाच्या शेवटी नीट कान द्या. आपटलेल्या पहिल्या सिंफनीची धून हळूच येते. तिची स्वरलिपी रशियातच राहिलेली, त्याच्या हयातीत ती पुन्हा कुणी वाजवली नाही. ऐकणाऱ्याला पत्ता लागणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. भाड्याच्या जागेत बसून मन कुठे होतं, सांगा.

डोंबिवलीकर मालवणी
म्हणजे माझाच खरा. ४३ वर्सां झाली तरी ता आपटणा इसारलो नाय.