मदत हवी आहे: खेळाडूंच्या ट्रेडच्या (अदलाबदलीच्या) अफवा अन् हे सेकंड एप्रन, कुणीतरी समजावून सांगा

मंडळी, सोलापुरात एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघणारं कोण कोण आहे? मी लेकर्स टीमवाला, मित्र सेल्टिक्सवाला, म्हणजे पार्क चौकात चहा यायच्या आधीच भांडण सुरू. त्यांचे १८ किताब, आमचे १७, २०२४ ला ते पुढं गेले तेव्हापासून रोज डोकं खातोय बे.

तर मुद्दा असा की फेब्रुवारी २०२५ ला लुका डॉन्चिच आमच्याकडं आला अन् अँथनी डेव्हिस डॅलसला गेला, त्याची आधी कुणाला कुणकुण पण नव्हती, अन् ज्यांची महिनोन्महिने चर्चा चालते ते कितीतरी ट्रेड होतच नाहीत, मग या अफवांतलं खरं ओळखायचं कसं? पगाराचा मेळ बसवावा लागतो, पुढच्या सलग दोन वर्षांचे फर्स्ट राउंड पिक (नवे खेळाडू निवडायचा पहिल्या फेरीतला हक्क) देता येत नाहीत, एवढं कळतं. पण सेकंड एप्रन काय भानगड आहे? पगारखर्चाच्या या मर्यादेच्या वर असलेल्या टीमला दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही म्हणे. मग त्यांनी करायचं काय?

एखादं उदाहरण देऊन मराठीत सांगा प्लीज. इंग्रजी व्हिडिओची लिंक नको, ते लई फास्ट बोलतात. सेल्टिक्सवाल्यांनी सांगितलं तरी चालेल, फक्त १८ चा विषय काढू नका.