विषय: लोडरला बर्फ लोटायचं पातं बसवायचंय

नमस्कार मंडळी,

आमच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट लांबलचक, तीही खडीची. पिकअप ट्रकला लावतात तसलं ७.५ फुटी जुनं पातं भंगारात स्वस्तात मिळालं. पुढे लोडर (बकेट उचलणारे दोन हात) लावलेला ट्रॅक्टर घरी आहेच. बकेटच्या तोंडालाच पातं वेल्ड करून टाकावं म्हणतो. उसगावचे काका, तुम्ही कॅनडातल्या ओंटारियोतले हिवाळे काढलेत आणि गोव्यात खाणीवरच्या यंत्रांचं काम केलंत. तुमचं काय मत?

———

उत्तर: उसगाव, गोवा

अरे बाबा, वेल्डिंग मशीन आधी बंद कर!

इथे पाऊस धो धो कोसळतोय आणि तू बर्फाचं विचारतोस. पण जुलैत विचारलंस ते बरं केलंस, नोव्हेंबरात सुचून काही उपयोग नसतो.

लोडरचे हात ओझं वर-खाली करायला केलेले. कडेचा धक्का त्यांना सोसत नाही. पातं तिरकं करून निघालास आणि त्याचं टोक बर्फाखालच्या दगडाला अडलं, की ट्रॅक्टरचा सगळा रेटा एका बाजूच्या हातावर येतो. आधी सांध्यातले पिना-बुश ढिले होतात, मग हात पिळतो. बकेटच्या तोंडाला जोडलंस तर पातं आणखी पुढे जातं आणि पीळ वाढतो. शिवाय बकेट गेलीच कामातून. त्यापेक्षा क्विक-अटॅचची, म्हणजे बकेट काढून तिच्या जागी झटकन अडकवता येणारी, कोरी प्लेट विकत घे आणि पात्याची त्रिकोणी चौकट तिला जितकी जवळ घेता येईल तितकी जवळ बसव.

पात्यामागच्या स्प्रिंगा गंजल्या म्हणून कापून फेकू नकोस. सगळी गंमत तिथेच आहे. अडथळा लागला की पात्याची खालची कड मागे दुमडते, पातं पुढे झुकून त्यावरून निघून जातं आणि स्प्रिंग त्याला परत उभं करते. स्प्रिंगच्या जागी कडक पट्टी मारणारे महाभाग असतात. त्यांचा लोडर दुरुस्तीला येतोच.

पातं जमिनीवर दाबायचं नाही. लोडरचा दांडा ‘खाली’च्याही पुढे ढकलला की खट्ट करून फ्लोटमध्ये बसतो, मग पातं जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप वरखाली होतं. दाबत राहिलास तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. मागे वजन हवंच, चाकांना साखळ्याही.

खडीसाठी एक जुगाड. लोखंडी पाइप लांबीत एका बाजूने चिरायचा आणि पात्याच्या धारेवर चढवायचा. गोल कड खडीवरून घसरत जाते, धार तिला उकरते. नाहीतर वसंतात अर्धी वाट हिरवळीतून वेचत बसशील.

धार बदलायची झाली तर ग्रेडरची (रस्ता सपाट करणाऱ्या यंत्राची) झिजलेली कड शोध, पण वेल्ड करू नकोस. २०१२ च्या खाणबंदीआधी आमच्या पट्ट्यात हे रोजचं काम होतं. त्या पोलादाला वेल्ड मारला तर गार होताना शिवणीलगत तडा जातो. ते चौकोनी मानेच्या बोल्टांनीच कसायचं. एक बाजू झिजली की उलटून दुसरी.

———

काका, पटलं. बकेट वाचली. दोन शंका: पातं ट्रॅक्टरला पुरेल का, आणि तिरकं कसं करू? पुढे जादा हायड्रॉलिक लाइन नाही.

———

उत्तर: उसगाव, गोवा

३० अंशांत वळवलं की ७.५ फुटांचं पातं वाट साफ करतं ६.५ फुटांचीच. मागची चाकं बाहेरून बाहेर मोज. त्याहून रुंद असतील तर चाक न काढलेल्या बर्फावरून जाणार.

तिरकं करायला ट्रकच्या पात्याला बहुधा दोन एकतर्फी रॅम (तेलाच्या दाबाने एकाच दिशेला ढकलणारे सिलिंडर) असतात. एकात तेल भरलं की दुसऱ्यातलं परत येतं, म्हणून दोनच होज (तेलाच्या नळ्या) लागतात. ट्रॅक्टरच्या मागच्या रिमोटपासून, म्हणजे हायड्रॉलिक तेलाच्या जोडणीपासून, ते पुढे आण. दोन्हींच्या मध्ये क्रॉसओव्हर रिलीफ व्हॉल्व्ह मात्र टाकच. टोकाला दणका बसला की तो तेल पलीकडे सोडतो, नाहीतर होज फुटेल किंवा रॅम वाकेल. खर्च नको असेल तर भोकांची पट्टी आणि पिन. दर वेळी थंडीत खाली उतरून पिन बदलायची तयारी ठेव, म्हणजे आठवडाभरात व्हॉल्व्हचे पैसे स्वस्त वाटू लागतील.

होज बांधण्याआधी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघ, पुढच्या चाकाला घासता कामा नयेत. देव बरें करूं.